आडव्या अक्षावरचे आकडे

पायरीबाईंच्या हाताखालून गेलेलं मूल दुसऱ्या कशातही आपटेल, पण आलेखाच्या प्रश्नात आपटणार नाही, असं शिक्षक मंडळी छातीठोकपणे सांगायची. बाईंनाही ते ऐकायची सवय झाली होती. माणसाला कौतुकाची सवय लागायला चार दिवस पुरतात, बाईंना तर बत्तीस वर्षं मिळाली होती.

नाव पडलं होतं त्यांच्या युक्तीवरून. शालान्त परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो. चौकटीच्या कागदावर एक तिरकी रेषा, खाली चार समीकरणं, आणि रेषा कुठल्या समीकरणाची ते ओळखायचं. मुलं या प्रश्नाला जाम घाबरायची. बाईंनी त्यावर रामबाण तोडगा काढला. रेषा उभ्या अक्षाला जिथे शिवते तिथे बोट ठेवा. तिथून एक घर उजवीकडे सरका, आणि रेषा पुन्हा गाठायला किती घरं वर जावं लागतं ते मोजा, जिन्याच्या पायऱ्या मोजतो तसं. चढाची घरं क्षच्या मागे लिहा, बोट ठेवलेला आकडा शेवटी जोडा, झालं समीकरण. "एक घर सरा, वर घरं धरा, तोच चढ खरा!" वर्गच्या वर्ग हे सुरात म्हणायचे, आणि बाहेर जाणाऱ्या माणसाला वाटायचं, आत गाण्याचा तास चाललाय.

आता यात एक गोम होती. ही युक्ती चालते कधी, तर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही अक्षांवर एका घराला एक हाच आकडा धरलेला असेल तेव्हा. पण परीक्षेत नेहमी तसंच असायचं, बाईंच्या फळ्यावरही तसंच असायचं. त्यामुळे अक्षाखाली छापलेले आकडे वाचायची गरज कुणाला पडलीच नाही. "आकड्यांकडे बघत बसाल तर वेळ जाईल, घरं मोजा!" असं बाई म्हणायच्या आणि मुलं घरं मोजायची. ती मुलं मोठी झाली. काही गणित शिकवू लागली, काही पेपर काढू लागली, काही पेपर तपासू लागली, आणि एकजण तर परीक्षा मंडळाच्या गणित समितीचा अध्यक्षच झाला. शिकवणार बाईंची मुलं, विचारणार बाईंची मुलं, तपासणार बाईंची मुलं. सगळा घरचाच मामला.

बाई या महिन्यात निवृत्त होत होत्या. समितीवर त्या मुख्य सल्लागार होत्या, म्हणजे बैठकीला यायचं, सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसायचं आणि शेवटी सही करायची. रविवारी मंडळाच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरला होता. "पायरी पद्धत" असा मोठा रंगीत तक्ता छापून तयार होता, कोपऱ्यात बाईंचा फोटो, आणि तो प्रत्येक शाळेच्या प्रत्येक वर्गात लागणार होता.

एवढं सगळं असूनही दिव्याखाली अंधार, असं बाईंचं स्वतःचं मत होतं. अंधार म्हणजे त्यांची नणंद.

वन्संचं वय चव्वेचाळीस. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याशी पटेना म्हणून भावाकडे राहायला आल्या त्या राहिल्याच. शर्टांच्या कारखान्यात कापड कापायचं काम करायच्या. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी साचा ठेवायचा आणि यंत्राची पाती फिरवायची. सूतभर हात हलला की साठ शर्ट एकदम चिंध्या. वन्संच्या हातून बावीस वर्षांत एक थर वाया गेला नव्हता. त्यांच्या कटिंग विभागाचे मुख्य आता काम सोडत होते आणि ती जागा वन्संचीच, यात कारखान्यात दुमत नव्हतं. पण नियम आडवा आला. मुख्याला शालान्त परीक्षा पास असावी लागते, आणि पास झाल्याचा कागद येत्या शनिवारपर्यंत हवा. नाहीतर मालकाचा मेहुणा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाच होता. तो शालान्त पास होता. कात्री कुठल्या बाजूनं धरतात एवढंच त्याला अजून कळायचं होतं.

वन्सं बाकीच्या विषयांत केव्हाच सुटल्या होत्या. गणितात दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा निकाल लागला तो चौतीस गुणांचा. पासाला पस्तीस लागतात.

"एका मार्कानं!" बाई सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स नाचवत म्हणाल्या. "अहो वन्सं, पायरीबाईंची नणंद आलेखाच्या प्रश्नात मार्क घालवते! मी तोंड कुठं लपवू? डोक्यात काय कापूस भरलाय का तुमच्या?"

बाई नणंदेला कधी अरे-तुरे करायच्या नाहीत. मानाच्या माणसाला त्या मानानंच झोडपायच्या.

वन्सं समोर बसून शर्टाच्या कॉलरचा साचा कातरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे दादा, म्हणजे बाईंचे यजमान, पेपरामागे होते. घरात वादळ आलं की ते पेपर उघडायचे आणि वादळ जाईपर्यंत त्याच पानावर असायचे.

"चौदावा प्रश्न," बाई म्हणाल्या. "हे बघा. रेषा उभ्या अक्षाला कुठं शिवते? एकावर. एक घर सरले. वर किती घरं? एक. म्हणजे य बरोबर क्ष अधिक एक. दुसरा पर्याय! शेंबडं पोर सांगेल. आणि तुम्ही लिहिलाय तिसरा. य बरोबर अर्धा क्ष अधिक एक. अर्धा कुठनं काढलात हो?"

"खालचे आकडे बघितले, वहिनी."

"आकडे कशाला बघता? हजारदा सांगितलं, घरं मोजायची!"

"घरं मोजून कापलं तर आमच्याकडे शर्ट बाहुलीला होईल," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "साच्याच्या कागदावर एका घराला किती धरलंय ते आधी बघावं लागतं. सवय आहे हाताला. इथं खाली शून्य, दोन, चार, सहा असं लिहिलंय. म्हणजे आडव्या घराला दोन. उभ्याला एक. मग दोन सरून एकच चढले की. एकाला अर्धा."

"मोठ्या आल्या शहाण्या," बाई म्हणाल्या आणि खोडून काढायला त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

शून्य, दोन, चार, सहा.

बाई कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. क्षच्या जागी चार घालून बघितलं. चारच्या वर रेषा कुठं आहे? तीनवर. दुसरा पर्याय काय म्हणतो? चार अधिक एक, पाच. चूक. तिसरा काय म्हणतो? चारचा अर्धा दोन, अधिक एक, तीन. बाईंनी दोन घालून बघितलं, सहा घालून बघितलं. मेलं प्रत्येक वेळी वन्संचंच बरोबर.

त्या बाहेर आल्या तेव्हा वन्सं कॉलरचा दुसरा साचा कातरत होत्या.

"बघते मी उद्या ऑफिसात," बाई म्हणाल्या.

"बरं," वन्सं म्हणाल्या.

चुकलं माझं, हे दोन शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते, खोटं कशाला सांगू. पण बत्तीस वर्षांत ते कधी बाहेर पडले नव्हते, त्यांना वाट माहीत नव्हती.

मंगळवारी समितीची बैठक भरली. लांबुळकं टेबल, सहा खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेले गुंडाळलेले तक्ते. अध्यक्ष होते, चौदावा प्रश्न काढणारे मास्तर होते, टिपणं घेणाऱ्या सचिव होत्या, आणि दोन सदस्य होते जे प्रत्येक बैठकीत फक्त "अगदी, अगदी" म्हणायचे. पाचही बाईंचे विद्यार्थी. अध्यक्ष तर सातचा पाढा म्हणताना हटकून एकोणपन्नासाला रडायचे, हे बाईंना अजून आठवत होतं.

"चौदाव्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय," बाई बसल्याबसल्या म्हणाल्या.

पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाचही चेहऱ्यांवर हळूहळू हसू पसरलं.

"बाई परीक्षा घेतायत!" प्रश्नवाले मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "जाताजाता आम्हाला तपासून बघतायत! या, या, काढा आकृती."

आकृती टेबलावर आली. पाच बोटं एकदम पुढे आली आणि पाच पोक्त माणसं सुरात म्हणाली, "एक घर सरा, वर घरं धरा, तोच चढ खरा!" अगदी-अगदीवाल्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"दुसरा पर्याय, बाई," अध्यक्ष म्हणाले. "पास ना आम्ही?"

"नापास," बाई म्हणाल्या. "आडव्या अक्षावरचे आकडे वाचा."

"आकडे?" मास्तर गोंधळले. "पण बाई, आकडे वाचायचे नाहीत असं तुम्हीच..."

"मीच सांगितलं होतं. मीच सांगतेय, वाचा. आणि क्षला चार घाला."

कुणी हात पुढे करेना. शेवटी सचिवबाईंनी टिपणवहीच्या कडेला आकडेमोड केली, आणि ती करताना त्यांचा चेहरा उतरत गेला. "तिसरा येतो," त्या पुटपुटल्या. मास्तरांनी कागद ओढून घेतला. ही आकृती त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उचलली होती आणि उत्तर स्वतः काढलं होतं, अर्थात घरं मोजून.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "गणितानं बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पद्धतीनं चूक आहे."

"अगदी," एक सदस्य म्हणाला.

"असं कसं असेल रे?" बाई भडकल्या. "रेषा तुझ्या पद्धतीची आहे की समीकरणाची? तिसरा पर्याय किती जणांनी लिहिलाय?"

सचिवबाईंनी यादी चाळली. "दोनशे अकरा. आणि दुसरा एकोणसाठ हजार जणांनी."

"मग त्या दोनशे अकरांना मार्क द्या. एकोणसाठ हजारांचा काढू नका हवं तर. झालं गेलं गंगेला मिळालं."

"बाई, तसं नाही होत," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, जसं आपण आजारी माणसाशी बोलतो. "दोन उत्तरं बरोबर म्हणजे प्रश्न चूक. प्रश्न चूक म्हणजे समिती चूक. समिती म्हणजे कोण? आम्ही. आम्ही कोणाचे? तुमचे. म्हणजे बोट फिरून फिरून कुणाकडे येतं? रविवारी सत्कार आहे, बाई. तक्ते छापून आलेत. प्रत्येकावर तुमचा फोटो आहे."

बाईंनी भिंतीला टेकवलेल्या तक्त्यांकडे बघितलं. फोटो चांगला आला होता.

मग समितीनं ते केलं जे समित्या करतात. रेषा समीकरणात बसत नाही, समीकरण बदलता येत नाही, रेषाही छापून झाली. राहिलं काय? अर्ध्या तासात ठराव तयार झाला आणि सचिवबाईंनी तो वाचून दाखवला. "प्रश्न क्रमांक चौदाच्या आकृतीत आडव्या अक्षावर छापलेले आकडे केवळ शोभेसाठी असून, ते वाचणे परीक्षार्थींकडून अपेक्षित नव्हते."

"अगदी, अगदी," दोघे म्हणाले.

"आणि दोनशे अकरा?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी शोभा वाचली," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "बाई, त्यात तुमच्या घरचं कुणी आहे, हो ना? कानावर आलंय. मग आधी नाही का सांगायचं? ग्रेसचा एक मार्क माझ्या अधिकारात आहे. हा अर्ज. परीक्षार्थीनं सही करायची, शुक्रवारी कागद हातात." त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला आणि त्याच्यावर ठरावाचा कागद ठेवला. "आणि इथे तुमची सही. मुख्य सल्लागार."

बाईंनी विचार केला. वन्संना मार्काशी मतलब. मार्क मिळतोय. कसा मिळतोय याला कोण विचारतं? साप मरतोय आणि काठीही शाबूत राहतेय. असं स्वतःला बजावून त्यांनी सही केली. रोजची सही, वळणदार, खाली दोन टिंबं. पण बाहेर पडल्यावर जिना उतरताना त्यांना कुणाच्या नजरेला नजर द्यावीशी वाटेना.

घरी वन्सं साचे कातरायच्या तयारीनं टेबलाशीच बसल्या होत्या. बाईंनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. वन्संनी कात्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि एकेक शब्द नीट वाचला. "मी मान्य करते की प्रश्न क्रमांक चौदाचे माझे उत्तर चुकले असून, मंडळाने कृपावंत होऊन मला एक गुण द्यावा."

त्यांनी मान वर केली. "चुकलं होतं का हो वहिनी माझं?"

"कागदावर तसं लिहायचं असतं," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पद्धत आहे."

"बरं. पेन द्या."

आणि सही केली. कसलीही खळखळ नाही, डोळ्यांत पाणी नाही. चांगली ठसठशीत सही. बाई बघतच राहिल्या. एखादी असती तर तिनं कागद तोंडावर फेकला असता.

"तुम्हाला काहीच वाटत नाही, वन्सं?"

"काय वाटायचंय? बावीस वर्षं या घरात बरोबर असून चुकलं म्हणत्येय. बैठकीच्या खोलीतला पडदा आखूड पडेल म्हणून मी ओरडत होते, तुम्ही म्हणालात, मी गणिताची बाई आहे. पडदा आखूड पडला, आणि आजतागायत आल्यागेल्याला सांगता, वन्संनी चुकीचा कापला. मीही म्हणते, हो, मीच कापला. आणखी एकदा म्हटल्यानं काय बोटं झडणार आहेत माझी?"

पेपरामागून दादा म्हणाले, "तसं बघितलं तर दोघींचंही बरोबर आहे."

"तू गप रे दादा!" वन्सं म्हणाल्या, आणि "तुम्ही गप्प बसा!" बाई म्हणाल्या, दोघी एकाच दमात.

बाईंना अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. हे आपण काय आणून ठेवलं हिच्या पुढ्यात? आपली चूक, आणि सही हिची! त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी झडप घालून अर्ज उचलला. "फाडून टाकते! भीक नको आपल्याला. उद्या जाऊन त्यांच्या तोंडावर..."

पण अर्जाचं दुसरं टोक वन्संच्या मुठीत होतं.

"हात काढा, वहिनी."

"अहो, पण हे खोटं आहे!"

"असू दे. मला कटिंगची मुख्य व्हायचंय. शनिवारी कागद नाही दाखवला तर तो मेहुणा माझ्या टेबलाशी उभा राहील, आणि पोरी बोटं कापून घेतील. तुम्हाला लाज वाटली, चांगली गोष्ट आहे. ती तुमच्या कागदावर लिहा. माझा कागद सोडा."

बाईंनी सोडला. इतक्या वर्षांत नणंद आवाज न चढवता त्यांना असं कधी बोलली नव्हती. त्या कपाटापाशी गेल्या, कोरा कागद काढला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लिहायला बसल्या. तीनदा लिहिलं, तीनदा चुरगळलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा कागद वन्संकडे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं लिहिलेलं कुणाला तपासायला दिलं होतं.

वन्संनी वाचलं. पायरी पद्धत दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असेल तरच चालते, हे मी बत्तीस वर्षं शिकवलं नाही. चौदाव्या प्रश्नाचं खरं उत्तर तिसरं आहे. ठरावावरची माझी सही मी मागे घेते. तक्ते लावू नयेत. दोनशे अकरा परीक्षार्थींचं उत्तर बरोबर होतं.

"दोनशे अकरा कोण?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे, तुम्ही आणि बाकीचे..."

"माझं नाव घाला."

"नाव?"

"बाकीच्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत. माझं ठाऊक आहे. बरोबर कोण होतं ते तरी एकदा लिहा, वहिनी."

बाईंनी लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लिहिताना लक्षात आलं की घरात बावीस वर्षं राहणाऱ्या या बाईचं पूर्ण नाव आपण पहिल्यांदाच लिहितोय.

"आता हे उद्या देते," त्या उठत म्हणाल्या.

"उद्या नाही. आधी माझा कागद हातात येऊ दे. पुण्य करायचं ते माझ्या जिवावर नको."

शुक्रवारी कागद आला. पस्तीस, आणि पस्तीसच्या डोक्यावर एक बारीक चांदणी, म्हणजे हा गुण कमावलेला नाही, कनवाळूपणे दिलेला आहे. शनिवारी सकाळी वन्सं कागद घेऊन कारखान्यात गेल्या. घरात बाई, टेबलावर पाकीट. आता कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. पाकीट फाडून टाकलं असतं तरी वन्संनी विचारलं नसतं, ही त्यांना खात्री होती. नेमकं तेच त्यांना सहन होईना. त्यांनी चपला घातल्या.

मंडळाच्या आवक टेबलाशी कारकून बसला होता. त्यानं पाकीट उलटंसुलटं बघितलं. "विषय काय लिहू, बाई? तक्रार, विनंती की अभिनंदन?"

"माझी चूक झाली, असं लिहा."

कारकुनानं रजिस्टरची पानं मागेपुढे केली. "असा विषय आतापर्यंत आलेला नाही," तो म्हणाला, आणि बराच विचार करून त्यानं "किरकोळ" लिहिलं. शिक्का मात्र मारला.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. वन्सं नुकत्याच कामावरून आल्या होत्या, खांद्यावर मोजपट्टी तशीच. अध्यक्ष खुर्चीच्या टोकावर टेकले आणि चेहरा असा केला, जणू घरात कुणी गेलंय.

"बाई, कशी आहे तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय?"

"आम्ही तातडीची बैठक घेतली. सगळ्यांचं म्हणणं पडलं, बाईंना ताण आलाय. निवृत्तीच्या वेळी होतं असं. आम्ही रागावलेलो नाही हां, बाई. आम्ही समजून घेतलंय तुम्हाला." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "फक्त यावर सही करा. उद्याचा सत्कार ठरल्याप्रमाणे."

बाईंनी वाचलं. "सदर पत्र मी थकव्याच्या भरात लिहिले असून, त्यातील मजकूर चुकीचा आहे, हे मला मान्य आहे."

"पण मजकूर बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे हो, बाई," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "मी घरी जाऊन चार घालून बघितलं. सहा पण घालून बघितलं. बायकोला न सांगता दहा घालून बघितलं."

"मग?"

"म्हणून तर म्हणतो, सही करा!"

पेन पुढे आलं. बाईंनी घेतलं. एक ओळ, खाली वळणदार सही, दोन टिंबं, की उद्या सभागृह, तक्ता, टाळ्या. नाहीतर जन्मभराची मुलं हळहळत म्हणणार, बाई शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाल्या. त्यांनी पेन कागदाला टेकवलं आणि छातीतून काहीतरी जळजळीत वर आलं. माझं बरोबर आहे! हा समोर बसून म्हणतोय की बरोबर आहे! आणि मी लिहून द्यायचं की चुकलं? हात पुढे सरकेना. डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

"नाही करत, जा," त्या म्हणाल्या आणि पेन परत दिलं.

अध्यक्ष उठले. "सत्कार तुमच्या अनुपस्थितीत होईल," ते म्हणाले. "सभागृह घेऊन झालंय. तक्तेही आज दुपारीच शाळांत गेले." दारातून त्यांनी वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकोणपन्नासाला अडलेल्या मुलासारखा झाला. जिन्यावरून पावलं खाली गेली.

दादांनी पेपर घडी घालून ठेवला.

बाई टेबलाशी बसून राहिल्या. समोर वन्सं खांद्यावरची मोजपट्टी काढून बोटांभोवती गुंडाळत होत्या.

"एवढंसं वाक्य, वन्सं," बाई म्हणाल्या. "चुकलं म्हणायचं, बास. पण घशाखाली उतरेना हो माझ्या. तुम्ही बावीस वर्षं कसं गिळलंत?"

वन्संनी मोजपट्टीचं टोक आत खोचलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"गिळलं असं कोण म्हणालं?"